जिऱ्यांची एकादशी

॥ श्री ॥

वडगाव रासाई
२६ जुलै २०२५

ती. आक्कास,
धाकट्या पोपटचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस. घरात सगळे जिवंत आहेत, म्हणजे माणसे. फोन का केला नाही म्हणशील, तर कानाचे यंत्र तू डब्यात जपून ठेवतेस आणि मला इतके ओरडावे लागते की दौंडात तुला कळायच्या आधी आमच्या आळीला कळते. मोबाईलवर लिहावे तर माझे मेसेज सूनबाईच लिहिते आणि आलेले तीच वाचून दाखवते. ही गोष्ट सूनबाईचीच आहे, म्हणून पत्र. झेंडू घेऊन दर तिसऱ्या दिवशी दौंडच्या बाजाराला येणारा टेम्पोवाला म्हाळू, त्याच्या हाती देतोय. पाकीट डिंकाने चिकटवून वर चिकटपट्टी मारली आहे, कारण म्हाळूला वाचता येते.

तर आपल्या घरात मासे आले. माझ्या गळ्यात तुळशीची माळ, गावच्या भजनी मंडळाचा मी म्होरक्या, आणि गोठ्याच्या मागे सिमेंटच्या टाकीत एक लाख मासे. शितलने शिरूरला पाच दिवसांचे शिक्षण घेतले आणि परत आली ती टाकीचे माप घेऊनच. मी आधी साफ नाही म्हटले. मग तिने समजावले की आबा, आपल्याला मासे मारायचेही नाहीत आणि खायचेही नाहीत. नुकती जन्मलेली पिल्ले आणायची, जिऱ्याएवढी असतात म्हणून त्यांना मत्स्यजिरेच म्हणतात, आणि बोटाएवढी झाली की दुसऱ्यांच्या तळ्यात पाठवून द्यायची. मला पटले. म्हणजे आपली बालवाडीच. पोरे मोठी होऊन पुढे कुठे जातात याला मास्तर जबाबदार नसतो. मंडळातही मी असेच सांगितले आणि एक जण सोडून सगळ्यांना पटले. तो एक जण संध्याकाळी हळूच येऊन विचारून गेला की मोठे झालेले मासे नक्की कोणाच्या तळ्यात असतात.

खरी अडचण पुढेच होती. या पिल्लांच्या पोटाला जन्मतःच थोडी शिदोरी बांधलेली असते. ती तिसऱ्या दिवशी संपते आणि मग पहिला घास द्यावा लागतो. तो घास म्हणजे उकडलेल्या अंड्याचा बलक. माझ्या घरात अंडे! मी पेंड सुचवली, भाताचा कोंडा सुचवला. ती म्हणाली की ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, पहिल्या दिवशी त्यांचे तोंड सुईच्या नेढ्याएवढेही नसते. शेवटी ठरले की अंडे गोठ्यात, वेगळ्या पातेल्यात उकडायचे आणि मी तिकडे बघायचे नाही.

रविवारी संध्याकाळी जिरे आले. सोमवारी सकाळी पहिला घास झाला. मंगळवारी सकाळी टाकीत एकही हलत नव्हते आणि पाणी ताकासारखे पांढरे झाले होते. शितल काठावर बसून फार रडली. मी तिची समजूत काढली की अंडेच बाधले. तिलाही ते पटले आहे. आता घरात अंडे येणार नाही, एवढे तरी बरे झाले.

पोरगा माऊली कारेगावला कंपनीत दिवसपाळीला आहे, ठीक आहे. तुझ्या गुडघ्याचे कळव. लोभ आहे तेवढा ठेव, वाढवला नाहीस तरी चालेल.

तुझा
पोपट

ता. क. तू अंगणवाडीत इतकी वर्षे शिजवून घातलेस म्हणून विचारतो. शिजलेली भगर पाण्यात पडली तर किती वेळात आंबते? सहज विचारतोय.

*

॥ श्री ॥

दौंड
२९ जुलै २०२५

चि. पोपटरावास,
आक्काचे अ. उ. आ.

तुझी चिकटपट्टी काढताना अर्धं पत्र फाटलं. म्हाळूने पाकीट हातात देतानाच विचारलं की आक्का, मासे मेले ते कळलं का. तेव्हा डिंक वाचव.

पोपट, बत्तीस वर्षं मी पोरांना जेवू घातलं. कुठल्या पोराने गूळ चोरलाय ते तोंड उघडायच्या आधी मला कळायचं. तू तर ता. क. लिहून दिलास. मी उठून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. एकवीस जुलै, सोमवार, एकादशी.

तुला खारीचं पिल्लू आठवतं का? तू आठ वर्षांचा होतास. बाभळीखाली पडलेलं पिल्लू तू टोपीत घालून आणलंस आणि आईने केलेला शिरा त्याला काडीने भरवत बसलास. आणखी एक, आणखी एक, असा पंगतीत व्याह्याला करतात तसा आग्रह. सकाळी ते टोपीतच मरून पडलं होतं. तू आईला सांगितलंस की मांजराला बघून घाबरून मेलं. मी खरं बोलले नाही, कारण उरलेला शिरा तू मला दिला होतास. आज साठ वर्षं झाली, तरी त्या शिऱ्याची मला लाज वाटते.

आता शिऱ्याशिवाय विचारते. त्या अंड्याचं तू काय केलंस? आणि भगर किती घातलीस? शिजलेली भगर या दिवसांत एका रात्रीत आंबते. हे तुला ठाऊक होतं, म्हणून तर विचारलंस.

गुडघा आहे तसाच आहे. खरं लिहिलंस तर माझी माया आहे तशी राहील, खोटं लिहिलंस तर मी यंत्र कानात घालून तिकडे येईन.

तुझी
आक्का

*

॥ श्री ॥

वडगाव रासाई
२ ऑगस्ट २०२५

ती. आक्कास,
पोपटचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून चुलीत घाल. तुझ्याकडे गॅस आहे, तरी काहीतरी कर.

त्या सोमवारी शितल पहाटेच न्हाली. टाकीच्या कडेला हळदकुंकू वाहिले. गोठ्यात अंडे उकडून, बलक फडक्यातून गाळून, लोट्यात पाण्यात कालवून ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली की आबा, पहिला घास तुमच्या हातचा. मी नाही कसे म्हणू? लोटा हातात ठेवून ती धारा काढायला गेली. आणि आक्का, मी एकादशीला कांद्याच्या टोपलीला हात लावत नाही. मी तो लोटा जास्वंदीच्या मुळाशी ओतला.

मग वाटले, पिल्ले उपाशी राहतील. तुझी भावजय सरू गेल्यापासून माझा फराळ मीच करतो, तेव्हा भगर शिजलेलीच होती. दाण्याचे कूट घालून चांगली पातळ पेज केली आणि पळीभर सोडली. पिल्ले गोळा झाली, निदान मला तसे वाटले. मी म्हटले, एक लाख तोंडे आणि एक पळी, याला काय वाढणे म्हणतात? सगळे पातेले ओतले. खरे सांगतो, मला इतके समाधान वाटले की डोळ्यांत पाणी आले. एक लाख जिवांना एकादशीचा फराळ. संध्याकाळी माझ्या ताटातली उरलेलीही नेऊन घातली.

पुढचे तुला माहीत आहे.

आता मंडळात कुठल्या तोंडाने जाऊ? एका माळकऱ्याने एका रात्रीत एक लाख जीव मारले, तेही उपवासाच्या पदार्थाने. आपल्या सात पिढ्यांत मटण खाणाऱ्यांनीसुद्धा एवढे मारले नसतील.

पण हे एवढ्यावर थांबत नाही. शितलची एक वही आहे. रोज पाणी किती गरम, कोणते खाणे दिले, किती दिले, ती सगळे त्यात लिहिते. तिने लिहिले आहे, ‘पहिला घास: अंड्याचा बलक. निकाल: सर्व मृत.’ निकाल लाल पेनाने. चौदा तारखेला शिरूरला तिच्याबरोबर शिकलेल्या बायकांची बैठक आहे. अकरा जणी, प्रत्येकीच्या घरी टाकी. शितल तिथे वही वाचून दाखवणार आणि सगळ्यांना सांगणार की बलक देऊ नका. आणि अठराला आपली दुसरी खेप येतेय, तिलाही ती बलक देणार नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. तू शितलला आपल्या मनाने पत्र लिही. लिही की माझ्या अनुभवाने अंडे वाईट नसते. माझे नाव कुठे यायला नको. एवढे केलेस तर तुझा लोभ जन्मभर डोक्यावर घेऊन फिरेन.

तुझा
पोपट

*

॥ श्री ॥

वडगाव रासाई
५ ऑगस्ट २०२५

ती. आत्यांस,
शितलचा सा. न. वि. वि.

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहितेय, चुकलं तर हसू नका. हल्ली आबा रोज पाकीट चिकटवताना दिसतात. म्हटलं, ज्यांना आबा पत्र लिहितात त्यांना आपणही लिहावं. म्हाळूदादांनी आपणहून सांगितलं की आत्या लहान पोरांच्या खाण्यातल्या डॉक्टर आहेत.

मासे मेल्याचं आबांनी कळवलंच असेल. मला तुमच्याकडून पहिल्या घासाचं विचारायचंय. बलक आता बंद. आबा म्हणाले, अंडं बाधलं, आणि ते त्या दिवशी समोर होते, त्यांनी स्वतः घातलं. राहिली पेंड. ती मी तीनदा दळून मलमलच्या कपड्याने चाळली, तरी तोंडाच्या मानाने जाडच. दुसरं म्हणजे शेणाचं पाणी सोडायचं, त्यात बारीक किडे होतात, ते पिल्लं खातात. पण टाकीत ते बेतात ठेवायला मला अजून जमत नाही. मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. थंड देशात सामन नावाचा मासा पाळतात. त्याच्या पिल्लांचा पहिला घास ठरवायला तिथे म्हणे माणसं वर्ष-वर्ष घालवतात. दाणा केवढा, तो तरंगतो किती वेळ, पिल्लू कोणत्या तासाला तोंड उघडतं, सगळं बघतात. मी आबांना दाखवला. आबा म्हणाले, त्यांच्याकडं एकादशी नसती, त्यांना येळ हाय. आणि उठून गेले.

आत्या, खरं कारण वेगळंच असेल असं मला वाटतं. माझ्या माहेरी म्हणायचे की शितलच्या हाताला यश नाही. मी लावलेली कोथिंबीर उगवायची नाही, मी लावलेलं विरजण लागायचं नाही. तेव्हा हसण्यावारी नेलं. पण म्हणूनच पहिला घास मी आबांच्या हातचा ठेवला होता, कारण आबांनी काठी रोवली तरी तिला पालवी फुटते. तरी मेली. अंडं उकडलं मी, गाळलं मी, म्हणजे हात माझाच लागला ना?

मी ह्यांना सांगून ठेवलंय की ही दुसरी खेप गेली तर मी कारेगावला पॅकिंगच्या कामाला लागते आणि टाकीत कांद्याला पाणी साठवू. आबा तर हल्ली इतके गोड वागतात की मला भीती वाटते. काल मला चहा करून दिला. साखर पाच चमचे होती, पण दिला.

वेळ मिळेल तसं उत्तर द्या. माया तुमची आहेच, थोडी माशांवरही असू द्या.

तुमची
शितल

*

॥ श्री ॥

दौंड
८ ऑगस्ट २०२५

पोपट,
आज आशीर्वाद शेवटी देईन.

शितलचं पत्र सोबत पाठवतेय. तुझ्या घरातून निघालेलं पत्र दौंडला येऊन परत तुझ्याच घरी चाललंय, म्हाळूला काय वाटायचं ते वाटो. आधी ते वाच. विशेषतः विरजणाचं आहे तो भाग दोनदा वाच.

वाचलंस? तू अंडं लपवलंस तेव्हा मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. भगरीचं वाचून तर मी यंत्र नसतानाही स्वतःचं हसणं ऐकलं. पण ती पोर आपल्या हाताकडे बघून झोपत असेल, आणि तिच्या हाताने काहीच केलेलं नाही. ते कोण तिला सांगणार? मी? मी दौंडात बसून माझ्या अनुभवाने अंडं बरं असतं म्हणून लिहू? मग तिला वाटेल की अंडंही बरं आणि आबाही बरे, म्हणजे वाईट तीच. तुझी युक्ती तिचा जीव घेईल.

आणि त्या अकरा जणी. त्यातल्या एकीने जरी तुझ्या खोट्यावर विसंबून पिल्लांना काही भलतं घातलं, तरी ते तुझ्याच भगरीत मोजायचं.

मी तिला उत्तर लिहिलेलं नाही. मी तुझा शिरा एकदा खाल्लाय, आता पुन्हा खाणार नाही. ज्याने पातेलं ओतलं त्याने सांगायचं, तेही चौदा तारखेच्या आधी.

एक माझ्या धंद्यातलं सांगते. सहा महिन्यांच्या पोराला पहिला घास देताना आया वाटी भरून आणायच्या. मी वाटी काढून घ्यायचे आणि करंगळीच्या टोकाला लागेल तेवढंच द्यायचे. पोराने ते गिळलं की मग वाट बघायची. पोट भरणं आपल्या समाधानासाठी असतं, पहिला घास पोरासाठी असतो. तुझे मासे याहून वेगळे नसणार.

आता अ. उ. आ. चौदा तारखेनंतर ते तुझ्याकडे ठेवायचे की परत मागायचे ते बघेन.

आक्का

*

॥ श्री ॥

वडगाव रासाई
२४ ऑगस्ट २०२५

ती. आक्कास,
पोपटचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. सांगण्यासारखे काही होईपर्यंत लिहायचे नाही असे ठरवले होते.

तुझे पत्र आले त्या दिवशी शितलला सांगायचे म्हणून मी तीनदा गोठ्यात गेलो आणि तीनदा म्हशीला वैरण टाकून परत आलो. म्हैस खूश झाली. तेरा तारखेपर्यंत असेच चालले. चौदाला मी शितलला म्हटले की मीही येतो बैठकीला. तिला वाटले, धीर द्यायला येतोय.

मार्केट यार्डाजवळच्या हॉलमध्ये बायका जमल्या होत्या. मासे खात्याचे एक साहेबही होते. शितल उभी राहिली, वही उघडली आणि लाल ओळ वाचली. बायका आपापल्या वह्यांत ‘बलक बंद’ लिहायला लागल्या. आक्का, अकरा पेने एकदम चालताना मी बघितली आणि बसवेना. मी उठलो. मंडळात माईकशिवाय शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असे गातो, पण त्या दिवशी आवाज जेमतेम निघाला. म्हणालो, “बलक न्हाई. म्या भगर घातली. आख्खं पातेलं.”

आधी कोणाला कळेना. मग सगळे सांगितले, एकादशी, जास्वंद, दाण्याचे कूट, संध्याकाळची उरलेली. त्यावर न्हावऱ्याकडची कस्तुराबाई म्हणून एक आहे, तिने गंभीर तोंडाने विचारले की आबा, मीठ साधं घातलं होतं का सैंधव? मग हॉल जो हसायला लागला तो साहेबांनाही आवरेना. मीही थोडा हसलो. शितल हसली नाही. तिने वही मिटली आणि खाली बसली.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली, मी पलीकडच्या सीटवर. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. न्हावरे मागे पडले. मग तोंड खिडकीकडेच ठेवून म्हणाली, “म्हंजी माझ्या हातानं न्हाई मेली?”

मी म्हटले, नाही. तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा म्हटले, नाही. त्यानंतर घर येईपर्यंत ती पदराने डोळे पुसत होती आणि मी एसटीच्या छताकडे बघत होतो. आक्का, मला त्या खारीच्या पिल्लाची लाज साठ वर्षांत वाटली नव्हती, ती तिथे वाटली.

पुढे चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पण ठेवताना आवाज करायची. मी खाली मान घालून जेवायचो. माऊलीने मध्ये पडून बघितले, तर त्याच्या ताटाचाही आवाज वाढला.

अठराला संध्याकाळी दुसरी खेप आली. मी कॅलेंडर बघितले आणि कपाळावर हात मारला. एकोणीस तारीख, मंगळवार, पुन्हा एकादशी. मला वाटते वर कोणीतरी मुद्दाम तारखा लावतोय.

सकाळी गोठ्यात अंडे उकडत होते. शितलने बलक काढून ताटलीत ठेवला, शेजारी फडके आणि लोटा ठेवला आणि माझ्याकडे न बघता बाजूला उभी राहिली. मी अंघोळ करून, गंध लावून आलो होतो. मी बाही वर केली, बलक फडक्यात घेतला आणि लोट्यातल्या पाण्यात पिळला. एकादशीला, या हातांनी. कुठे वीज पडली नाही. वास मात्र दुपारपर्यंत गेला नाही, म्हणून संध्याकाळी भजनाला गेलो नाही. पखवाजवाला विचारायला आला, त्याला खरे कारण सांगितले. तो म्हणाला की उद्या या, आम्ही लांब बसू.

गाळून झाले तशी शितल मागे सरकली, म्हणजे घास मी द्यावा. मी लोटा तिच्या हातात दिला आणि म्हटले की पोरी, माझ्या हाताचे यश आपण बघितले, आता तुझ्या हाताचे बघू. ती घेईना. मी लोटा धरून तसाच उभा राहिलो. शेवटी तिने करंगळी बुडवली आणि टाकीत चार थेंब सोडले. मला तुझी आठवण झाली. मी तिला तुझे करंगळीचे सांगितलेच नव्हते. मग थोड्या वेळाने पुन्हा चार. आग्रह करावा असे माझ्या फार मनात होते, पण मी दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले.

वहीतही दुरुस्ती झाली. जुनी ओळ खोडून तिने लिहिले आहे, ‘२१ जुलै. भगर, एक पातेले. आबांच्या हातून.’ मी म्हटले, शेवटचे दोन शब्द गाळले तर चालेल का. तिने सांगितले की वही खरी असली पाहिजे. बैठकीनंतर ती माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलली ती ही. त्याखाली आहे, ‘१९ ऑगस्ट. बलक, चिमूटभर. शितलच्या हातून.’ पुढे निकालाची जागा रिकामी होती.

आज सहावा दिवस. मगाशी ती वही घेऊन आली, लाल पेन माझ्या हातात दिले आणि म्हणाली की निकाल तुम्ही लिहायचा. मी टाकीशी जाऊन चष्मा पुसून मोजायला बसलो. बराच वेळ बसलो होतो. मग मी लिहिले, ‘मोजता आले नाहीत. फार हलतात.’

आशीर्वाद माझ्याकडे ठेवू का, ते म्हाळूबरोबर कळव. त्याला तोंडी सांगितलेस तरी चालेल, आता लपवण्यासारखे काही उरले नाही.

तुझा
पोपट